मागची पंगत

माण तालुक्यातल्या एका वाडीतली ही पोर. नववीत होती, कबड्डी खेळायची. चढाईला गेली की एखादा गडी टिपूनच यायची. दिवाळीनंतर मात्र तिला मध्यरेषेवरच धाप लागू लागली. शाळेत तपासणी झाली. हिमोग्लोबिन ८.९ भरलं, हवं निदान १२. दहावीतल्या दादाचं उत्तम निघालं.

आजी उखडली. "घरची बाजरी आहे, दारात शेवगा आहे, डबाभर गूळ आहे. आमच्यात पोरी उपाशी ठेवतात होय?"

उपकेंद्राच्या सिस्टर मुरलेल्या. वाद न घालता त्यांनी पोरीला दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी चहा-खारी. शाळेची खिचडी आठवीपर्यंतच; अंग भरायच्या ऐन वयात ती बंद होते, हे सरकारचं गणित मला कधी उमगलेलं नाही. मग मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट. लोहाची निळी गोळी आठवड्याला मिळायची, पण उपाशीपोटी मळमळतं म्हणून दप्तरात पडून राहायची.

"आणि रात्री?"

"आधी आबा, बाबा, दादा जेवतात. मग आम्ही."

"तोवर कालवणात काय उरतं?"

"रस्सा. मग भाकरी चहात बुडवून खातो."

"आजी, चहा भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. जेवणावर लिंबू पिळा, चहा नंतर तासाभराने. हळिवाचे लाडू करता का?"

"बाळंतिणीला करते. वयात आलेल्या पोरीला उष्ण पडतात."

"दर महिन्याला रक्त जातं तिचं. लाडवासाठी तिनं बाळंतपणाची वाट बघायची?"

आजी गप्प झाली. डेअरीचा हिशेब तीच ठेवायची, तिला हाही कळला.

लिंबू, लाडू, जेवणानंतर गोळी, सगळं चटकन जमलं. अडलं पंगतीपाशी. आबा कुरकुरले, "माणसं रानातून दमून येतात."

"सून काय जत्रेतून येते?" आजी म्हणाली.

तीन महिन्यांनी पोरीचं १०.८ झालं. सिस्टरनी सहज आईचंही बोट टोचलं. ८.२.

त्या रात्री सगळी ताटं एकदम मांडली आणि आजीनं वाढायला दादाला उठवलं. त्यानं सवयीनं आईला वरवरचा रस्सा घातला. आजीनं त्याच्या हातातली पळी घेतली, पातेल्याचा तळ ढवळला आणि म्हणाली, "शेंगा इथं असतात. वाढ."