शिष्याचे प्रौढपण

शरीराचे वय केसांवरून कळते, बुद्धीचे बोलण्यावरून. परंतु आत्म्याचे वय कशावरून ओळखावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उपासनेत घालविलेली वर्षे मोजून त्याचे उत्तर मिळत नाही. चाळीस वर्षे नेमधर्म पाळूनही पहिल्याच इयत्तेत बसून राहिलेली माणसे सर्वच धर्मांत आढळतात. ख्रिस्ती धर्मात तर या प्रश्नाला विशेष धार येते. कारण तेथे अनुयायाला 'शिष्य' म्हटले आहे, आणि शिष्य म्हटला की तो शिकला किती, हे विचारणे ओघानेच आले.

आम्ही ख्रिस्ती नाही. तथापि आमच्या पिढीतील पुष्कळांप्रमाणे आम्हीही शुभवर्तमाने प्रथम इंग्रजी वाङ्मय समजावे म्हणून वाचली आणि पुढे त्यांच्याचसाठी वाचीत राहिलो. त्या वाचनात एका शिष्याच्या दोन प्रवासांनी आमचे लक्ष वेधून घेतले.

पहिला प्रवास लूकच्या नवव्या अध्यायात आहे. येशू यरुशलेमेकडे निघाला असता वाटेतील एका शोमरोनी गावाने त्याला थारा दिला नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर जुने होते. याकोब व योहान हे दोघे भाऊ संतापले, आणि आकाशातून अग्नी पाडून हे गाव भस्म करावे काय, असे त्यांनी गुरूला विचारले. गुरूने त्यांनाच धमकाविले आणि तो मुकाट्याने दुसऱ्या गावी गेला. याच योहानाने थोडे आधी आणखी एक पराक्रम केला होता. कोणी एक मनुष्य येशूच्या नावाने भुते काढीत होता; तो 'आपल्यातला' नव्हे म्हणून योहानाने त्याला मनाई केली होती! या दोन्ही प्रसंगी योहानाची निष्ठा तिळमात्र कमी नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उणीव होती ती दुसऱ्याच कशाची तरी.

दुसरा प्रवास 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे. येशूच्या मृत्यूनंतर शोमरोनात काही लोकांनी त्याचा उपदेश स्वीकारला, तेव्हा यरुशलेमेतील मंडळीने पेत्राबरोबर योहानालाच तिकडे पाठविले. त्याने त्या लोकांसाठी प्रार्थना केली, त्यांच्या मस्तकावर हात ठेविले, आणि परतताना वाटेतील अनेक शोमरोनी गावांतून शुभवर्तमान सांगितले. तोच मनुष्य, तोच प्रदेश. पण ज्या हातांना अग्नी हवा होता ते आता आशीर्वादासाठी पुढे झाले होते. मधल्या काळात अग्नी उतरला होता हे खरे. ग्रंथकार म्हणतो की पन्नासाव्या दिवसाच्या सणाला अग्नीसारख्या जिभा दिसल्या. परंतु त्या विरोधकांच्या गावावर नव्हे, तर शिष्यांवरच येऊन बसल्या. आमच्या मते सर्व मर्म येथे आहे. अपक्व शिष्य दुसऱ्याच्या शुद्धीसाठी अग्नी मागतो. पक्व शिष्य तो प्रथम स्वतःवर घेतो.

हे फार दूरच्या काळातील वाटत असेल, तर महाराष्ट्रातील एका घराकडे पाहावे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो पत्नीची संमती न घेता. सत्य सापडले असे त्यांना वाटले आणि ते निघून गेले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला शोक, लोकांची बोलणी आणि काही वर्षांचा वियोग आला. त्या कृतीतील धैर्य थोर होते, परंतु तीत दुसऱ्याच्या पावलांचा विचार थोडा होता, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या आपले सोवळे-ओवळे बरोबर घेऊनच. टिळकांना आपला अग्नी आकाशातून पाडता आला असता. पतीचा अधिकार त्या काळी लहान नव्हता. तो त्यांनी चालविला नाही. जातिभेद मनुष्याने केलेला आहे, या निष्कर्षाप्रत लक्ष्मीबाई स्वतःच्याच विचाराने आल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळक तापट होते, लहरी होते; 'स्मृतिचित्रे' या आपल्या ग्रंथात लक्ष्मीबाईंनी ते मुळीच लपविलेले नाही. म्हणून तर त्यांचे हे थांबणे आम्हांस मोलाचे वाटते. स्वभावतःच थंड असलेल्या माणसाने वाट पाहिली, तर त्यात त्याचे काय गेले?

पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. 'आपल्यातला नव्हे' म्हणून मनाई करणाऱ्या तरुण योहानाला हा दरबार मुळीच रुचला नसता!

येथे कोणी म्हणेल, ही प्रौढता नव्हे, उदासीनता आहे. ज्याला सत्याची चाड नाही तोच सर्वांना आपापल्या वाटेने जाऊ देतो. आक्षेप खरा आहे, आणि तो मुख्यतः आम्हां सुशिक्षितांना लागू पडतो. आमची सहिष्णुता पुष्कळदा श्रद्धेच्या अभावाचेच सभ्य नाव असते. परंतु योहान शोमरोनात गप्प बसला नाही, तो बोलला. आणि टिळक अखेरपर्यंत लिहीत राहिले, 'ख्रिस्तायन' अपुरे असतानाच १९१९ साली ते वारले. त्यांचा अग्नी विझला नव्हता. उदासीन मनुष्य थांबतो, कारण त्याला कोठेच पोहोचावयाचे नसते. प्रौढ मनुष्य थांबतो, कारण त्याला एकट्याने पोहोचावयाचे नसते.

हे लिहिताना आम्हांला स्वतःचेच एक वर्तन आठवते. पदवी घेऊन घरी आलो तेव्हा आईने तुळशीपुढे लावलेल्या दिव्याची आम्ही रोज थट्टा करीत असू. चार पाश्चात्त्य तत्त्वज्ञ वाचल्याचा तो आवेश होता. आईने वाद घातला नाही. तिने दिवा लावणे सोडले नाही, आणि आमच्यासाठी जेवायची ताटकळत बसणेही सोडले नाही. त्या घरात प्रौढ कोण होते, हे कळावयास आम्हांला तीस वर्षे लागली. आज वर्गात एखादा विद्यार्थी आमचे आवडते मत उडवून लावतो, तेव्हा जिभेच्या टोकाशी अग्नी अजूनही येतो. तो गिळता आला, तर त्या दिवसापुरते आम्ही पहिल्या इयत्तेतून वर चढलो असे समजतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा पुन्हा असतेच.