गवताला दिसतं का?

माणसाच्या डोक्यावरून वाढलेलं गवत. वारा सुटला की सगळं रान एका अंगाला झुकतं, पुन्हा उभं राहतं. लढाईतून पळालेले दोन जखमी सामुराई त्यात शिरतात, आणि गवतातूनच भाल्याची टोकं येतात. चिलखतं उतरवली जातात, प्रेतं खोल खड्ड्यात लोटली जातात. गवत डोलतच राहतं.

कानेतो शिंदो यांच्या ‘ओनिबाबा’ (१९६४) या चित्रपटाची ही सुरुवात. मारेकरी आहेत चौदाव्या शतकातल्या यादवीत अन्नाला मोताद झालेल्या सासू-सुना. गवत आहे सुसुकी, आपल्याकडच्या कासासारखे रुपेरी तुरे येणारं. शरदातल्या चंद्रदर्शनाला जपानी लोक हेच तुरे घरात मांडतात.

गवता-झाडांनाही बुद्धत्व मिळतं का, यावर जपानी बौद्धांनी शतकानुशतकं खल केला. तेंदाई पंथाने ‘हो’ म्हटलं. एका नो नाटकात तर केळीच्या झाडाचा आत्मा स्त्रीरूपाने येऊन भिक्षूचं सूत्रपठण ऐकतो. मग सुसुकीलाही हे खून दिसत असतील का? आणि दिसत असतील, तर ते गप्प कसं?

शिंदोंनी जी जुनी बौद्ध बोधकथा घेतली, तिच्यात सून मंदिरात जाऊ नये म्हणून सासू मुखवटा घालून तिला घाबरवते आणि मुखवटा चेहऱ्याला चिकटतो. शिंदोंनी मंदिरच काढून टाकलं. इथे सून रात्री गवत तुडवत धावते ती एका पुरुषाच्या झोपडीकडे. सासू आधी नरकाचं भय घालते. ते पुरत नाही, तेव्हा मेलेल्या सामुराईचा राक्षसी मुखवटा चढवून वाट अडवते. मग पाऊस येतो. भिजलेला मुखवटा निघता निघत नाही.

ही शिक्षा दिली कुणी? तिथे बुद्धमूर्ती नाही, आकाशवाणी नाही. आहे फक्त पाऊस.

मुखवटा फोडल्यावर दिसणाऱ्या सोललेल्या चेहऱ्यासाठी शिंदोंनी अणुबॉम्बने भाजलेल्यांची छायाचित्रं समोर ठेवली होती. ते स्वतः हिरोशिमा जिल्ह्यातले. हे कळल्यावर पाप आणि फळ यांचा सरळ हिशेब मांडणं अशक्य होतं. म्हातारीने खून केले होते. त्या सकाळी हिरोशिमात शाळेला निघालेल्या मुलांनी काय केलं होतं?

शेवटी सून किंचाळत पळते. मागून सासू ओरडत येते, मी राक्षसीण नाही, माणूस आहे. वाटेत तोच खड्डा. ती उडी घेते, आणि ती पलीकडे पोचली की नाही हे दिसण्याआधी चित्रपट संपतो.