वेदीजवळचा वाढपी

प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेला ख्रिस्ती मंडळीतील पहिला तंटा धर्मसिद्धांतावरून झालेला नाही. तो जेवणावरून झाला. येरुशलेममध्ये रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. सहाव्या अध्यायात ही हकिकत आहे. प्रेषितांनी सर्वांना एकत्र बोलावले, लोकांनी सात जण निवडले आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. त्या सातांची नावे एकदा लक्ष देऊन वाचावीत. स्तेफन, फिलिप, निकनोर, तीमोन... सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच हाती पळी देण्यात आली. तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवणे अधिक सोपे होते.

त्या अध्यायात 'डीकन' हे नाव कोठे नाही. परंतु डीकनपदाचे मूळ ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून तेथेच पाहिले आहे. 'दियाकोनोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक. पंगतीत वाढणाऱ्यालाही तोच शब्द. आपल्याकडे वाढपी सर्वांच्या मागून जेवतो आणि कोणाचे पान रिकामे राहिले हे यजमानाच्या आधी त्याला कळते.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास आमच्या धर्मग्रामात गरजूंना धान्य वाटण्यात आले. यादी कुटुंबांच्या नोंदवहीवरून तयार केली होती. चाळीत भाड्याने राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे नाव तिच्यात नव्हते. त्या परराज्यातून आलेल्या, मराठी जेमतेम बोलणाऱ्या. रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसत. नवीन वर्ष उजाडल्यावर त्यांनी कोणाला तरी विचारले, "मी इथली नाही का?" यादी करणाऱ्यांत आम्हीही होतो. कोणीही लबाडी केली नव्हती. येरुशलेममध्येही बहुधा कोणी केली नसावी.

येथे एक प्रश्न उभा राहतो. सेवा हे बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद गरिबांच्या दारी जातात, महिला आजाऱ्यांची विचारपूस करतात. मग त्यासाठी वेगळी दीक्षा कशाला हवी?

लॅटिन ख्रिस्तसभेत शेकडो वर्षे डीकनपद ही गुरुदीक्षेआधीची केवळ एक पायरी होऊन राहिली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कायमस्वरूपी डीकनपदाची वाट पुन्हा मोकळी केली आणि पोप पॉल सहावे यांनी १९६७ साली त्याचे नियम घालून दिले. विवाहित पुरुषालाही ही दीक्षा मिळू शकते. मात्र त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि पत्नीची संमती असावी. मुंबई सरधर्मप्रांतात असे संसारी डीकन आहेत. तरीही डीकन म्हटला की आपण प्रथम त्याला काय करता येत नाही तेच मोजतो. मिस्सा अर्पण करता येत नाही, पापनिवेदन ऐकता येत नाही, आजाऱ्यांना तैलाभ्यंग देता येत नाही. तो बाप्तिस्मा देतो, विवाह लावतो, दफनविधी करतो, शुभवर्तमान वाचून प्रवचन देतो, हे सारे विसरून आपण त्याला 'अर्धा फादर' ठरवून मोकळे होतो. सेमिनरीतून आलेल्या तरुण डीकनला तर आपण दीक्षेनंतरही 'ब्रदर' म्हणूनच हाक मारतो! पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली धर्मसभेच्या कायद्यात दुरुस्ती करून डीकनचे स्थान स्पष्ट केले: उपासना, वचन आणि प्रीतिसेवा यांद्वारे देवाच्या प्रजेची सेवा करण्याचे सामर्थ्य त्याला मिळते. तो कोणाचा अर्धा भाग नाही.

आम्हाला वाटते, फरक कामात नसून बांधिलकीत आहे. स्वयंसेवकाला थांबता येते. कोणाशी वाजले, बैठकीत आपले ऐकले गेले नाही, की आम्ही घरी बसतो. तसे आम्ही बसलोही आहोत. दीक्षेचा राजीनामा असा देता येत नाही, तिचा ठसा पुसला जात नाही. पुढे धर्मगुरू झालेला माणूसही डीकन राहतोच. म्हणून तर मोठ्या सणांच्या मिस्सेत महागुरू आपल्या मिस्सावस्त्राखाली डीकनचे वस्त्र परिधान करतात. ते सहसा नीट दिसत नाही, पण असते.

धोका दुसरीकडे आहे. डीकन मिळाला, आता गरिबांचे तो पाहील, असे म्हणायला आपल्याला वेळ लागणार नाही. वचनसेवा सोडून पंगतीची सेवा करणे आम्हाला योग्य नाही, असे खुद्द प्रेषितच म्हणाले होते ना? खरे आहे. पण पुढे काय घडले तेही वाचावे. पंगतीसाठी निवडलेला स्तेफन त्याच अध्यायात वादविवाद करू लागतो आणि पुढच्या अध्यायात साक्ष देऊन धोंडमार सोसतो. फिलिप रथात बसून इथिओपियाच्या अधिकाऱ्याला शास्त्र उलगडून सांगतो. एकाने वाढावे आणि दुसऱ्याने बोलावे, ही वाटणी फार काळ टिकली नाही. रोमचे डीकन संत लॉरेन्स इ.स. २५८ मध्ये रक्तसाक्षी झाले. ख्रिस्तसभेचा खजिना आणा, असा हुकूम झाल्यावर त्यांनी गोरगरिबांनाच पुढे उभे केले, असे परंपरा सांगते. त्या गरिबांना बोलावून आणायला त्यांना यादी शोधावी लागली नसेल. ते त्यांना ओळखत होते.

त्या बाईंकडे धान्य घेऊन आम्ही फेब्रुवारीत गेलो. खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, त्या लेकीकडे गावी गेल्या, आता परत यायच्या नाहीत. निरोप द्यायचा असेल तर नाव सांगा, असेही ती म्हणाली. आम्ही आमचे नाव सांगितले. त्यांचे नाव आम्ही तेथे तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकले.