पाचव्यांदा विचारलं तर

चि. चिऊस,


‘शाळेत एआय हवं की नको’ यावर तुमच्या वर्गात मुलं काय काय बोलली, ते तू सविस्तर कळवलंस. कुणी म्हणालं, गृहपाठ झटपट होतो. कुणी म्हणालं, सगळ्यांचे निबंध सारखेच वाटायला लागलेत. पण तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं वाक्य मी दोनदा वाचलं: ‘त्याला पाचव्यांदा विचारलं तरी ते चिडत नाही.’

चिऊ, मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या मुलाला ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ असं मीही दरडावलंय. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, कारणं होती. पण एकदा हात खाली घेतलेलं पोर परत विचारायला आलं नाही. त्यामुळे तुझ्या मैत्रिणीला मी नावं ठेवणार नाही.

तुला आठवतं? नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हा तू पाचवीत होतीस आणि अपूर्णांकांशी झगडत होतीस. १/२ अधिक १/३ बरोबर २/५, असं लिहिलं होतंस. वरचे वर, खालचे खाली. त्या २/५ मुळेच मला कळलं की तुझ्या लेखी अर्धा ही एक संख्या नव्हतीच. एकावर एक ठेवलेल्या दोन होत्या. मग आपण भाकरी मोडली. ताटात अर्धी होती, त्यात आणखी तिसरा हिस्सा घातला, तर अर्धीपेक्षा कमी कशी होईल? तू कितीतरी वेळ ताटाकडे बघत बसलीस. मी काही बोलले नाही.

यंत्रानं ५/६ हे उत्तर पायऱ्यांसकट दिलं असतं. तुझं २/५ दाखवलं असतंस, तर कदाचित चूकही समजावली असती. पण मुलं चुकलेलं दाखवतात कुठे? थेट गणित टाकतात आणि उत्तर उतरवून घेतात. शिवाय यंत्र पुढचा शब्द कोणता येईल याच्या अंदाजानं लिहीत जातं. चुकलं तरी तुझ्यासारखं अडखळत नाही, म्हणून चूक कुठे शिरली ते चटकन दिसत नाही.

सीबीएसईनं २०१९ पासून नववीला एआय हा विषय ठेवलाय. हे यंत्र कसं चालतं ते कळावं म्हणून, तुमच्या शाळेत असेल तर पुढच्या वर्षी जरूर घे.

दिवाळीत मैत्रिणीलाही घेऊन ये. वही कच्ची आणा, खाडाखोड तशीच राहू द्या. तिचं कुठे अडतंय ते आधी कळव. मी तेवढं वाचून ठेवते.

तुझी,
आजी