आकाशातले घड्याळ कोणाचे?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि त्याचे रेडिओ संकेत जगभर ऐकू येऊ लागले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन संशोधक ते संकेत टिपत बसले. उपग्रह जवळ येताना संकेताची वारंवारता किंचित वाढते, लांब जाताना घटते. एवढ्या चढउतारावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्नच उलटा केला : उपग्रह कुठे आहे हे आधी ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते सांगता येईल का? विज्ञानाच्या इतिहासातल्या मला अतिशय सुंदर वाटणाऱ्या प्रश्नांपैकी हा एक. निसर्गाचा नियम तोच. ज्ञात आणि अज्ञात यांनी फक्त जागा बदलल्या.

त्यातून ‘ट्रान्झिट’ ही प्रणाली उभी राहिली. पोलारिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्यांना भर समुद्रात आपला ठावठिकाणा कळावा, हा तिचा हेतू. पुढे १९६७ मध्ये ती नागरी जहाजांनाही मिळाली. मात्र उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबावे लागे. संथ जहाजाला ते चाले, विमानाला चालणे शक्य नव्हते.

१९७३ मध्ये आखणी झालेल्या अमेरिकेच्या जीपीएसने वारंवारतेऐवजी थेट वेळेचा आधार घेतला. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असते आणि तो अखंड आपली वेळ सांगत असतो. संकेत पोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. जागा ठरवायला तीन अंतरे पुरावीत. पण आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ साधे असते, त्याची चूक हेही एक अज्ञातच, म्हणून चौथा उपग्रह लागतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले, तर अंतर ३०० मीटरने चुकले.

इथे आइन्स्टाइन आडवे येतात. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने उपग्रहावरचे घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, वेगामुळे ७ मागे पडते. एकूण ३८ पुढे. १९७७ मध्ये ‘एनटीएस-२’ हा चाचणी उपग्रह गेला, तेव्हा या गणितावर सगळ्यांचाच विश्वास नव्हता. म्हणून दुरुस्तीची सोय उपग्रहावर ठेवली, पण सुरुवातीला ती बंदच ठेवली. सुमारे २० दिवस घड्याळ तसेच चालू दिले आणि ते सापेक्षतावादाने सांगितले होते जवळपास तेवढेच पुढे जाताना दिसले. मग दुरुस्ती सुरू केली. शंका मोजमापाने मिटवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. जीपीएस प्रणाली पूर्ण झाल्यावर ती नागरी विमानांना खुली राहील, असे रेगन प्रशासनाने त्याच महिन्यात जाहीर केले. जीपीएस त्या दिवशी लोकांसाठी जन्माला आले, ही लोकप्रिय कथा अपुरी आहे. नागरी संकेत मूळ आराखड्यातच होता. त्या घोषणेने जी सोय होती तिला वचनाचे रूप दिले.

हे वचन मात्र अर्धवट होते. नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जाई आणि जागा १०० मीटरपर्यंत हुकू शके. कारगिल युद्धात अमेरिकेने आपल्याला जीपीएस नाकारल्याची गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती बाजूला ठेवली, तरी १९९९ च्या उन्हाळ्यात ही मुद्दामची चूक चालू होती हे खरेच आणि ती बंद करण्याचा अधिकार एकट्या वॉशिंग्टनकडे होता. मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती बंद केली. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारी सोय कितीही चांगली असली, तरी तिच्यावर देशाचे संरक्षण उभे करता येत नाही.

हाच विचार इतरांनीही केला. रशियाकडे ग्लोनास होतीच. युरोपने नागरी नियंत्रणाखाली गॅलिलिओ उभी केली, चीनने २०२० मध्ये बायडू पूर्ण केली. भारताने २००६ मध्ये स्वतःच्या प्रणालीला मंजुरी दिली. तीच आजची ‘नाविक’. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. त्यावरची परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली आणि उपग्रह कक्षेत असूनही जागा सांगण्याच्या कामातून बाद झाला. स्वावलंबनाची खरी कसोटी कुठे आहे, ते तेव्हा कळले. मे २०२३ मध्ये गेलेल्या नाविकच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ होते. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ उडाला, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. या अपयशाची हळहळ आहे, तरी घड्याळ आपले झाले ही मोठी मजल मला वाटते.

या साऱ्यातून एक गोष्ट घडली, जी कोणीही योजली नव्हती. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओ जवळपास आठवडाभर बंद होती, तरी लोकांचे फोन रस्ता दाखवत राहिले, कारण ते जीपीएस आणि ग्लोनासही ऐकत होते. अविश्वासापोटी उभ्या केलेल्या प्रणाली खुल्या संकेतांमुळे एकमेकींना सांभाळू लागल्या. म्हणून एनव्हीएस मालिकेत आलेला एल-१ हा संकेत मला महत्त्वाचा वाटतो. जगभरातले स्वस्त फोन आणि मनगटी उपकरणे याच पट्ट्यात ऐकतात. आधीचे नाविक उपग्रह तो देत नव्हते, त्यामुळे नाविक आपल्याच लोकांच्या खिशात पोचायला उशीर झाला.

पण हे सगळेच संकेत सुमारे २०,००० किलोमीटर किंवा त्याहून दूरवरून येतात आणि फार क्षीण असतात. जमिनीवरचा साधा प्रक्षेपक त्यांना एकदमच बुडवू शकतो. एप्रिल २०२४ च्या शेवटी फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणे महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती आणि जीपीएस मिळत नव्हते. जमिनीवरच्या रेडिओ उपकरणांवर आधारलेली पद्धत बसवल्यावर विमाने पुन्हा उतरू लागली.

आपल्याकडे मोबाइलचे मनोरे, वीजवाहिन्यांचे जाळे, शेअर बाजार यांनाही अचूक वेळ लागते आणि ती केवळ अशा क्षीण संकेतांवर सोपवणे धोक्याचे आहे. देशाची प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. ती अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या वजनमापे प्रयोगशाळांमधून देशभर पोचवण्याचा सरकारी प्रकल्प आहे. नाविकच्या पुढच्या उपग्रहाइतकीच मी त्या कामाच्या पूर्णत्वाची वाट पाहतो आहे.