रिंगच्या आतली नोकरी

ऑगस्ट 2020 मध्ये ऑर्लँडोच्या अॅमवे सेंटरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी रेसलिंग कंपनीने रिंगभोवती जवळजवळ हजार एलईडी पडदे उभे केले. करोनामुळे प्रेक्षकांना आत सोडता येत नव्हतं, म्हणून घरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे त्या पडद्यांवर दिसायचे आणि स्पीकरमधून गर्दीचा आवाज सोडला जायचा. त्याआधीचे काही महिने रिकाम्या हॉलमध्ये मॅचेस घेऊन झाल्या होत्या. कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम, रेसलमेनियासुद्धा, त्या वर्षी एकाही प्रेक्षकाविना पार पडला. ज्यांनी तो पाहिला त्यांना आठवत असेल, पाठ आपटल्याचा आवाज, रेसलर्सची धाप, कॉमेंटेटरचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता, आणि तरी समोर काही घडतंय असं वाटतच नव्हतं.

एवढा खर्च करून कंपनी जे परत मिळवू पाहत होती, ती चाहत्यांची मेहनत होती. मेहनत हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे. व्यावसायिक रेसलिंगचा निकाल आधी ठरलेला असतो हे आज शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण त्या निकालाला वजन येतं ते समोर बसलेल्या माणसांच्या घशातून. सचिन बाद झाला तेव्हा वानखेडेवर कितीही हळहळ झाली, तरी पंचाचं वर गेलेलं बोट खाली येत नसे. इथे मात्र येतं. जानेवारी 2014 मध्ये रॉयल रंबल ही लढत बटिस्टाने जिंकली आणि पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण त्यांना हवा असलेला डॅनिअल ब्रायन त्या लढतीत नव्हताच. कंपनीच्या मापात ब्रायन उंचीला कमी होता. पण प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे ऐकेनात, कथानक बदलावं लागलं, आणि 6 एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये रेसलमेनियाचा शेवट ब्रायनच्या विजयाने झाला.

म्हणून रेसलिंगचा चाहता ‘मला तिथे काम करायचंय’ म्हणतो तेव्हा मला ते पोरकट वाटत नाही. तो आधीच अर्धा तिथे कामाला आहे. कोणत्या प्रवेशाला किती आवाज द्यायचा, कुठे गप्प बसायचं, कोणाचा कंटाळा आला आहे, हे तो वर्षानुवर्षं शिकलेला असतो. त्याला उरलेलं अर्धं हवं असतं. आणि सगळ्यांनाच काही रिंगमध्ये उतरायचं नसतं. कोणाला कॉमेंट्री करायची असते, कोणाला पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालायचा असतो, कोणाला कथा लिहायच्या असतात, तर कोणाला पोशाख शिवायचे असतात. त्यांना ती गोष्ट घडते कशी ते बघायचं असतं, आणि घडवताना आपलाही हात लागावा असं वाटत असतं.

पूर्वी ही वाट गर्दीतूनच जायची. ब्रूस प्रिचर्ड ह्यूस्टनमध्ये लहानपणी पोस्टर विकायचा. जिम कॉर्नेट आणि पॉल हेमन हे दोघं किशोरवयात कॅमेरा गळ्यात अडकवून रिंगच्या कडेला पोचले. तिघंही पुढे या धंद्यातली मोठी डोकी ठरले. मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो हॉवर्ड फिंकेल. न्यू हेवन कोलिसियममध्ये तो प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. व्हिन्स मॅकमहनने 1980 मध्ये टायटन स्पोर्ट्स, म्हणजे पुढची डब्ल्यूडब्ल्यूई, ही कंपनी काढली तेव्हा तिचा पहिला नोकर झाला तो हाच फिंकेल. तो रिंगमध्ये टक्सिडो घालून उभा राहायचा आणि नावं पुकारायचा. विजेतेपदाचा पट्टा एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर गेला की ‘अँड न्यू’ म्हणताना तो ‘न्यू’ असा काही ताणायचा, की हॉलमधल्या शेवटच्या रांगेलाही कळावं, आज काहीतरी बदललं. त्याच्या आवाजात चाहता शेवटपर्यंत जिवंत राहिला.

त्या काळी आत शिरणं म्हणजे एका गुपितात शिरणं होतं. बाहेरच्याला काही कळू द्यायचं नाही, हा दंडक कडक होता. मे 1987 मध्ये न्यू जर्सीच्या हायवेवर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत होते आयर्न शेख आणि जिम डगन, रिंगमधले हाडवैरी, एकाच गाडीत. दोघांनाही कामावरून काढण्यात आलं. गाडीत अमली पदार्थ सापडले हा भाग होताच, पण वैरी एकत्र फिरताना सापडले याचा बोभाटाही कंपनीला झोंबला. गंमत अशी की दोनच वर्षांनी, 1989 मध्ये, त्याच राज्याच्या सेनेटपुढे कंपनीने स्वतःच सांगून टाकलं, की हे मनोरंजन आहे, याला खेळाचे सरकारी नियम लावू नका.

गुपित संपलं, तसा चाहत्याचा भावही उतरला. पुढे लेखक टीव्ही मालिकांच्या जगातून येऊ लागले. 2013 मध्ये ऑर्लँडोला सात रिंगांचं परफॉर्मन्स सेंटर उभं राहिलं, आणि 2021 पासून तर कॉलेजातल्या खेळाडूंना थेट करार देण्याची योजना निघाली. हिशेब सरळ आहे, तयार शरीर आणा आणि त्यात रेसलिंग भरा. तो कधीकधी जमतोही. बियांका बेलेअर धावण्याच्या ट्रॅकवरून आली आणि अव्वल ठरली. कर्ट अँगल 1996 चं ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन आला आणि ही कला त्याने वेड्यासारखी आत्मसात केली. पण टोकियोचं सुवर्ण जिंकलेल्या गेबल स्टीव्हसनची 2023 मध्ये लोकांनी हुर्यो उडवली आणि पुढच्या वर्षी तो बाहेर पडला. ताकद आणि चापल्य यात त्याला तोड नव्हती. पण समोरच्या लोकांशी बोलायचं कसं, हे पदकाबरोबर येत नाही. चाहत्याकडे ते आधीपासून असतं, कारण तो त्या बोलण्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो.

आपल्याकडेही ही ओढ आहे. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत अंडरटेकरचं कार्ड खिशात असणं म्हणजे काय, ते त्या पिढीला सांगावं लागत नाही. उंची, वजन, रँक सगळं तोंडपाठ असायचं. घरातलं मोठं माणूस ‘खोटं असतं रे ते’ म्हणायचं, तेव्हा राग यायचा तो खोटं म्हटल्याचा नव्हे, तर हे माणूस बघतच नाहीये याचा. 2019 मध्ये कंपनीने मुंबईत निवडचाचणी घेतली, तीही मुख्यतः खेळाडूंची. त्याआधी, 2015 मध्ये, द ग्रेट खलीने जालंधरला आपली अकादमी काढली होती. हरियाणाची वेटलिफ्टर कविता देवी तिथे शिकली, 2017 मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत सलवार-कमीज घालून उतरली आणि त्याच वर्षी तिला करार मिळाला. इथल्या मुलामुलीसाठी ही वाट किती लांबची आहे, ते तिच्याकडे पाहून कळतं.

रिंगच्या पलीकडे गेल्यावर चाहत्याच्या प्रेमाचं काय होतं? रेसलर मिक फोलीची हकीकत इथे उपयोगी पडते. ऑक्टोबर 1983 मध्ये कॉलेजातला हा मुलगा लिफ्ट मागत मागत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पोचला आणि जिमी स्नुकाने पिंजऱ्याच्या माथ्यावरून मारलेली उडी त्याने प्रत्यक्ष पाहिली. मग दर शनिवार-रविवारी शेकडो मैल गाडी हाकत तो पेनसिल्व्हेनियातल्या फ्रीडम गावी डॉमिनिक डेनुचीकडे शिकायला जायचा आणि गाडीतच झोपायचा. तिथे पहिला धडा असतो पडण्याचा. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, पाठ एकदम आणि सपाट टेकली पाहिजे, हात दोन्ही बाजूंना आपटायचे. खाली लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर, वर ताणलेला कॅनव्हास. डोकं आधी टेकलं तर संपलं. हे शंभर वेळा केलेल्या माणसाला उडी पूर्वीसारखी दिसत नाही. उडी मारणाऱ्याच्या आधी त्याची नजर खालच्याकडे जाते, तो झेलायला नीट सरकला आहे का ते बघायला. माझ्या मते हे प्रेम आटणं नव्हे. शास्त्रीय गाणं शिकू लागलेल्याला बैठकीत जागा दिसू लागतात, तसंच हे आहे. 28 जून 1998 ला, फ्रीडमपासून जवळच असलेल्या पिट्सबर्गमध्ये, हाच फोली पिंजऱ्यावरून सुमारे सोळा फूट खाली कॉमेंटेटरच्या टेबलावर कोसळला. ते पाहताना मला आजही धडकी भरते. एवढं प्रेम कोणत्याही नोकरीने माणसाकडून मागू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि धंदा नेमका तेच मागतो. डब्ल्यूडब्ल्यूईचे रेसलर कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतात. कुठल्या शहरात जायचं, काय घालायचं, काय बोलायचं, जिंकायचं की हरायचं हे कंपनी ठरवते, पण कर्मचाऱ्याचे हक्क देण्याची वेळ आली की ते स्वतंत्र होतात. रिंगमधल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते, आरोग्यविमा मात्र ज्याचा त्याने बघायचा. 2008 मध्ये तीन माजी रेसलर याविरुद्ध कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी खटला फेटाळला गेला. 1986 मध्ये, रेसलमेनिया 2 च्या तोंडावर, रेसलर जेसी व्हेंचुराने ड्रेसिंगरूममध्ये युनियनचा विषय काढला होता. तो मालकाच्या कानी गेला आणि तिथेच विरला. युनियन का झाली नाही याची कारणं पुष्कळ असतील. पण ‘तुझ्या जागेसाठी बाहेर हजार पोरं रांगेत उभी आहेत’ हे वाक्य मालकाला उच्चारावंही लागत नव्हतं, हे त्यातलं मोठं कारण आहे. चाहत्यांचं स्वप्न आतल्यांचा मोबदला पाडतं, आणि स्वप्न पाहणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसते.

15 एप्रिल 2020 ला कंपनीने एका दिवसात कित्येक रेसलर आणि पडद्यामागची माणसं काढली. पंच माइक चिओडा त्यांत होता, तीस वर्षांहून जास्त नोकरी झालेला. दुसऱ्याच दिवशी हॉवर्ड फिंकेल वारला.

याहूनही काळी बाजू आहे. ऐंशीच्या दशकात रिंग उभारायला किशोरवयीन मुलं घेतली जात. रेसलर जवळून दिसावेत एवढ्यासाठी ती कसलंही काम करायला तयार असत. त्या मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचे आरोप 1992 मध्ये जाहीर झाले, आणि 2024 मध्ये त्यांतल्या काहींनी, आता प्रौढ झालेल्यांनी, मेरीलँडमध्ये दावा दाखल केला. प्रतिवादींनी आरोप नाकारले आहेत, निकाल कोर्ट देईल. पण मुलाच्या स्वप्नाची किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या हाती असते, तेव्हा त्या मुलाच्या बाजूने उभं राहायला कोणीतरी नेमलेलं असलंच पाहिजे, हे कळायला निकालाची गरज नाही.

मार्च 2001 मध्ये मॅकमहनने डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. तेव्हापासून जवळजवळ दोन दशकं अमेरिकेतल्या पोराला रेसलिंग आणि डब्ल्यूडब्ल्यूई यांतला फरक करायचं कारणच उरलं नाही. कलेवरचं प्रेम आपोआप कंपनीच्या खात्यावर जमा होत गेलं. ती गाठ सैल झाली 1 सप्टेंबर 2018 ला. कोडी रोड्स आणि यंग बक्स या रेसलर्सनी स्वतःच्या जोरावर शिकागोजवळ ‘ऑल इन’ नावाचा कार्यक्रम ठेवला आणि दहा हजारांवर तिकिटं बघता बघता खपली. पुढच्याच वर्षी ऑल एलिट रेसलिंग उभी राहिली. तिचा प्रमुख टोनी खान हा लहानपणापासूनचा चाहता. वडिलांची अफाट संपत्ती पाठीशी असल्यामुळे त्याला नोकरी मागावी लागली नाही, हे खरं. पण दुसरं दार उघडल्याने नोकरी मागणाऱ्यांचं वजन वाढलं.

असाच एक चाहता, कॅनडातला अॅडम कोपलँड, 1990 मध्ये टोरांटोच्या स्काय डोममध्ये रेसलमेनिया पाहायला प्रेक्षकांत बसला होता. त्या सुमारास एका वर्तमानपत्राच्या निबंधस्पर्धेत, आपल्याला रेसलर का व्हायचंय ते लिहून, त्याने प्रशिक्षणाची फुकट जागा मिळवली. एज या नावाने तो डब्ल्यूडब्ल्यूईचा विजेता झाला, मानेच्या आजाराने 2011 मध्ये निवृत्त झाला, 2020 मध्ये परतला. ऑक्टोबर 2023 मध्ये, वयाच्या 49 व्या वर्षी, करार संपल्यावर त्याने ती कंपनी सोडली आणि ऑल एलिटमध्ये गेला. तिथे त्याचा शाळेपासूनचा मित्र ख्रिश्चन आधीच काम करत होता.