हेतू तपासल्याशिवाय दोष नाही

कुणाच्या घरात शिरल्याबद्दल किंवा कुणाच्या अंगावर धावून गेल्याबद्दल एखाद्याला अटक झाली, की शेजारपाजार त्याच दिवशी निकाल देऊन मोकळा होतो. पोलिसांनी उगाच का नेले असेल, हा त्यामागचा तर्क. तो उतावळा आहेच, पण नैतिकदृष्ट्याही चुकीचा आहे. या दोन्ही अपराधांचे मर्म कृतीइतकेच मनात असते, आणि अटकेच्या क्षणी ते मन कुणी तपासलेले नसते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत नुसते जाणे म्हणजे फौजदारीपात्र अतिक्रमण नव्हे. अपराध करण्याचा, किंवा ताबा असणाऱ्याला धमकावण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 441 मध्येही हेच तत्त्व होते. मथ्री विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात त्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने एक बारीक भेद केला: समोरच्याला त्रास होईल हे ठाऊक असणे वेगळे आणि त्रास देण्यासाठीच जाणे वेगळे. या भेदाचे मोल महाराष्ट्राला सहज कळावे. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात उभ्या राहिलेल्या सत्याग्रहींना सनातन्यांचा संताप ठाऊक होता. पण तो ओढवून घेणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते, समान हक्क हे होते. परिणामालाच हेतू मानले, तर अन्यायाविरुद्धचे प्रत्येक पाऊल गुन्हा ठरेल.

हमल्याच्या बाबतीत मात्र कायदा अधिक कडक होतो, आणि तेही योग्यच आहे. न्याय संहितेच्या कलम 130 नुसार प्रत्यक्ष मार बसण्याची गरज नाही; आता आपल्यावर बळाचा वापर होणार, अशी भीती वाटेल असा हावभाव किंवा तयारी पुरते. नुसते शब्द हमला ठरत नाहीत, पण हावभावाला अर्थ देऊ शकतात. इथे हेतूच हवा असे नाही. अशी भीती वाटण्याचा संभव आहे ही जाणीवही पुरते. जमिनीपेक्षा देह माणसाला अधिक जवळचा, म्हणून देहाला धाक दाखवणाऱ्याकडून अधिक सावधपणाची अपेक्षा. तरीही प्रश्न मनाचाच राहतो.

यावर आक्षेप येतो की मनाला इतके महत्त्व दिले, तर पीडिताचे भय दुय्यम ठरेल आणि जो तो ‘माझा हेतू शुद्ध होता’ म्हणून सुटेल. हा वाद जुना आहे. बौद्ध परंपरा चेतनेलाच, म्हणजे मनातल्या संकल्पालाच, कर्म मानते, तर पाली ग्रंथांतील निर्ग्रंथ (जैन) पक्ष देहकर्माला अधिक जड धरतो. पीडिताची वेदना खरी असते आणि तिची दखल तत्काळ घ्यायलाच हवी. पण वेदना घडल्याचा पुरावा हा अमुक माणसाच्या दुष्ट हेतूचा पुरावा नव्हे. शिवाय हेतू ठरतो तो आरोपीच्या शब्दावर नाही. फोडलेले कुलूप, आणलेले हत्यार, निवडलेली वेळ, पूर्वीचे वैर यांवरून तो ठरतो. ही तपासणी शांतपणे, दोन्ही बाजू ऐकूनच होऊ शकते.

संविधानाच्या अनुच्छेद 22 ने अटकेची कारणे कळण्याचा, वकील मिळण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क दिला, त्याचे नैतिक कारण हेच. ही गुन्हेगारावरची मेहेरबानी नाही. दुसऱ्याचे मन आपल्याला थेट दिसत नाही, या मानवी मर्यादेची ती प्रामाणिक कबुली आहे. राज्याने पाळायचा हा संयम समाजानेही पाळणे हे आपले कर्तव्य आहे.